साक्षीची खुर्ची

गॅसवर दूध ठेवून शिवणबाईने नवऱ्याला कुशीवर वळवलं होतं. दूध आणि नवरा ही दोन कामं एका वेळी काढू नयेत हे तिला अनुभवाने ठाऊक होतं, पण घरात चालते हात दोनच असले की बाईने करायचं तरी काय? त्याच्या कमरेखाली लाल झालेल्या जागेवर ती पावडर टिपत होती आणि एक कान स्वयंपाकघराकडे लावून होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दोघंही जागच्या जागी थिजली. मग तिचे हात आपोआप चालू लागले. चादर वर, खिडकीचा पडदा बंद, पावडरचा डबा पलंगाखाली, पलंगाखालचं भांडं आणखी आत. हे सगळं इतक्या वेळा झालं होतं की अंधारातही चुकलं नसतं.

"चला, मी निघालो कामावर," रंगारी कुजबुजला. "आज कुठल्या गावी आहे गं मी?"

"गप्प बसा हो."

"नाही, सांगून ठेव. मागच्या वेळी तू एक सांगितलंस, मी दुसरंच समजून बसलो."

हसावं की रडावं हे तिला कळलं नाही. तिने मधलं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि साडीला लागलेली पावडर झटकत बाहेर गेली.

या माणसाला गावात सगळे रंगारीच म्हणत. तिसऱ्या मजल्याच्या बाहेर परांची बांधून भिंती रंगवणारा, वरून खालच्या माणसांची थट्टा करणारा, आवाजाने गल्ली हलवणारा माणूस. परांचीची दोरी सुटली आणि तो खाली आला. जीव वाचला, पाय गेले. अगदी गेले असंही नाही. चिमटा काढला तर कळायचं, पण अंगाचा भार पेलायचे नाहीत. इस्पितळातून घरी सोडताना त्यांनी चाकांची खुर्ची दिली. त्या खुर्चीत बसून तो खिडकीपर्यंत यायचा, खाली कोण भिंतीला कसला रंग फासतोय ते बघून शिव्या द्यायचा. बायकोला तेवढंच बरं वाटायचं. शिव्या देतोय म्हणजे जिवंत आहे.

मग चर्चमधली प्रार्थनाताई यायला लागली. तिच्याबद्दल वाईट बोलायचं तर जीभ वळणार नाही. पहिल्या दिवसांत घरात चूल पेटली ती तिच्यामुळेच. डबा आणायची, कपडे धुऊन द्यायची, रात्री शिवणबाईला झोप म्हणून स्वतः उशाशी बसायची. ताईचा स्वतःचा तरुण मुलगा तापाने गेलेला. त्याबद्दल ती एवढंच म्हणायची, "तेव्हा मी एक क्षण शंका घेतली होती." पुढे बोलायची नाही.

एका संध्याकाळी तिची सगळी प्रार्थनेची मंडळी याच खोलीत जमली. गाणी झाली, हात वर झाले, दोन दणकट माणसांनी रंगाऱ्याच्या काखेत हात घातले आणि तो उभा राहिला. खरोखर उभा राहिला. किती भार त्याच्या पायांवर होता आणि किती त्या दोघांच्या खांद्यांवर, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. रंगारी स्वतः ढसाढसा रडला. शिवणबाईने तर जमिनीला कपाळ लावलं.

ताईच्या मंडळींत एक रीत होती. देवाने केलं हे दिसायच्या आधीच उभं राहून सांगायचं. त्याला ती विश्वासाची साक्ष म्हणायची. "शेतकरी पीक दिसल्यावर पेरतो का?" असं ती विचारायची. पुढच्या रविवारी शिवणबाईने चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली की माझा नवरा बरा झाला. आणि ज्याला पाय मिळाले त्याला चाकं कशाला? खुर्ची चर्चला गेली. व्यासपीठाच्या उजव्या बाजूला ती ठेवली, हाताला पांढरी फीत बांधली. नवीन माणूस आला की ताई त्याला आधी खुर्ची दाखवायची.

घरी रंगारी पलंगावर होता, तो पलंगावरच राहिला.

"ताकद यायला वेळ लागेल," ताई म्हणाली. "तोवर तोंडातून उलटा शब्द काढायचा नाही. तुझ्या एका शब्दाने सगळं परत जाईल."

म्हणून रंगारी परगावी कामाला गेला. म्हणजे लोकांना तसं सांगितलं. लोकांनी आनंदाने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून घरी येणारे डबे थांबले. बऱ्या झालेल्या माणसाच्या घरी कोण डबा आणतो? उचलायला हात लावणारेही थांबले. शिवणबाई एकटीच त्याला वळवायची, पुसायची, बसवायला जायची आणि जमत नसे म्हणून परत आडवा करायची. तिच्या कमरेत कळ निघायची ती पायापर्यंत जायची. मशीनवर बसून लोकांचे कपडे सैल-घट्ट करताना ती स्वतःला उसवून बघायची. कुठे शंका घेतली मी? भांडं विकत आणलं तेव्हा? त्या रात्री मनात आलं की हे आता असंच राहणार, तेव्हा? नवऱ्याचे पाय आपल्याच मनात कुठेतरी अडकलेत, आणि आपण ते सोडत नाही, असं तिला वाटायचं.

दारात पावभट्टीवाल्याची बायको उभी होती. गल्लीच्या टोकाला त्यांची भट्टी; हिच्या केसांत सकाळी सकाळी पिठाची पांढरी रेघ असायचीच. तिच्या पोरीला आकडी यायची. पोरगी एवढीशी, सगळे चिमणी म्हणायचे.

"काकू, दूध उतू जातंय," ती आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाली.

शिवणबाई धावली. दूध ओट्यावरून खाली आलंच होतं. ती फडकं घेऊन पुसत राहिली, उगाच जास्त वेळ.

"काका कधी येणार?"

"काम लांबलंय."

"मला त्यांना एकदा बघायचं होतं. चालताना." भट्टीवालीने मुठीतली बाटली ओट्यावर ठेवली. औषधाच्या गोळ्या होत्या. "ताई म्हणाल्या, काकूंनी खुर्ची दिली तशी तू गोळ्या दे. रविवारी ही बाटली खुर्चीवर ठेवायची आणि साक्ष द्यायची. मी हो म्हणाले."

शिवणबाईचा हात फडक्यावर थांबला.

"पण चिमणीची सकाळची गोळी अजून दिली नाही. देऊ की नको? दिली तर अविश्वास. नाही दिली तर..." ती रडली नाही, नाक ओढलं. "काकू, खुर्ची देताना तुम्हाला भीती नाही वाटली?"

शिवणबाईने तोंड उघडलं. काय म्हणायचं ते तिला पाठ होतं. इतक्यांदा म्हटलं होतं की जिभेला वाट माहीत होती. "प्रभूने केलं" एवढं म्हटलं की समोरच्याचा चेहरा उजळतो आणि विषय संपतो. खरं बोलावं तर? मग नवऱ्याचे पाय तिने आपल्या तोंडाने घालवले. खोटं बोलावं तर ही पोरीची गोळी बंद करणार. एका बाजूला आपलं माणूस, दुसऱ्या बाजूला लोकांचं लेकरू, आणि मध्ये ती, ओलं फडकं हातात घेऊन.

"प्रभूने..." ती म्हणाली.

आतून भिंतीवर ठोका पडला. ठक. ठक.

रंगाऱ्याच्या उशाशी जुन्या ब्रशचा दांडा असायचा. काही लागलं तर तो भिंतीवर वाजवायचा. पाहुणे असताना त्याने तो आजवर कधी वाजवला नव्हता.

"आत कोण आहे?" भट्टीवालीने विचारलं.

"उंदीर," शिवणबाई म्हणाली, आणि म्हणतानाच तिला स्वतःची लाज वाटली.

"एवढा मोठा उंदीर या गल्लीत दुसरा नाही!" आतून आवाज आला. गल्ली हलवणारा तोच आवाज, जरा गंजलेला. "भट्टीवाले, मी परगावी नाही. इथेच पडलोय. बोलत बसू नकोस, आधी पोरीला गोळी घाल जा!"

शिवणबाईने कडी काढली. तिनेच काढली, भट्टीवाली जागची हललीही नव्हती.

खोलीत पावडरचा आणि बंद हवेचा वास होता. चादरीखालचे पाय काठीसारखे झाले होते. भट्टीवाली दारात उभी राहून बघत राहिली. रंगाऱ्याने लाजून चादर छातीपर्यंत ओढली, जणू नवी नवरीच.

"म्हणजे देवाने नाही केलं?" तिने हळूच विचारलं.

तिने ओट्यावरची बाटली उचलली. उंबऱ्यावर मात्र ती वळली. "तुम्ही मला गोळ्या बंद कर असं कधी म्हणाला नाहीत, काकू. ते खरं. पण तिथे खुर्ची तुमचीच आहे ना?"

आणि ती जिना उतरत धावत गेली.

शिवणबाई पलंगाच्या कडेला बसली. दांड्याकडे बघत म्हणाली, "का वाजवलंत?"

"आपल्या दोघांपुरतं होतं तोवर मी परगावी राहिलो असतो. मरेपर्यंत. तिथून थेट वर गेलो असतो, परस्पर." त्याने दांडा बाजूला ठेवला. "पण आता लोकांचं पोर मध्ये आलं."

"आता तुमचे पाय..."

"पायांचं माझ्याशी बोल. माझे आहेत ते." मग जरा नरमून, "अगं, ओल्या भिंतीवर रंग मारला की दोन दिवस झकास दिसतो. ओल आतच असते. पोपडे आले की गिऱ्हाईक म्हणतं, रंगारी वाईट. ताई म्हणते, भिंत वाईट. ओल आहे हे कोणी बोलायचंच नाही, कारण बोललं की म्हणे ओल वाढते! असा कसा देव? माझा पहिला ठेकेदार असा होता. तक्रार केली की मजुरी कापायचा."

"देवाला ठेकेदार म्हणू नका."

"मी नाही म्हणत. आपण तसा धरून चाललोय. तू रोज भीत भीत बोलतेस ना त्याच्याशी?"

ताई नेहमी म्हणायची, थिऑलॉजी, ईश्वरविज्ञान वगैरे पाळकांनी बघावं. आपण साधी माणसं, आपल्याला विश्वास पुरे. शिवणबाईलाही ते पटायचं. चर्चचे म्हातारे पाळकसाहेब दर बुधवारी संध्याकाळी विश्वासाची शिकवण समजावण्याचा वर्ग घ्यायचे. वर्गाला कानाने कमी असलेला घंटा वाजवणारा यायचा, आणि एक आजी यायची, तिला तिथे विणायला उजेड चांगला मिळायचा म्हणून. "देव कळायला वर्ग कशाला?" असं शिवणबाईनेच एकदा चारचौघींत म्हटलं होतं आणि सगळ्या हसल्या होत्या.

बुधवार आला तेव्हा तिने नवऱ्याला जेवू घातलं, पाणी उशाशी ठेवलं आणि वर्गाला जाऊन मागच्या बाकावर बसली. विणणाऱ्या आजीने सुया थांबवून तिच्याकडे पाहिलं. "चुकून आलीस का गं?"

"नाही, आजी. विचारायला आले."

पाळकसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. ते सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ. भांडण दिसलं की दुसऱ्या फुटपाथवरून जाणारे. तिने उभ्या उभ्याच विचारलं, "मागितलं आणि मिळालं नाही, तर मागणाऱ्याचा विश्वास कमी पडला असं असतं का?"

"कोणी मागितलं होतं?"

"मी. ह्यांचे पाय. ते बरे झालेले नाहीत, साहेब. घरातच पडून आहेत."

आजीच्या सुया थांबल्या त्या थांबल्याच. घंटेवाल्याने विचारलं, "काय म्हणाली?" त्याला कोणी सांगितलं नाही.

पाळकसाहेब तिच्या पुढच्या बाकावर येऊन बसले. मग म्हणाले, "वधस्तंभावर खिळण्याच्या आदल्या रात्री प्रभू बागेत गुडघ्यांवर पडला होता. काय मागत होता?"

"हा दुःखाचा प्याला टळू दे, म्हणून."

"टळला?"

"नाही."

"मग त्याचा विश्वास कमी पडला का?"

शिवणबाईला एकदम राग आला. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. दर वर्षी ऐकलं होतं, रडलीही होती. आणि इतके दिवस मशीनवर बसून स्वतःला उसवताना हे तिला एकदाही आठवलं नव्हतं. "पण तो देवाचा पुत्र होता," ती म्हणाली.

"म्हणून तर. त्याने भीती लपवली नाही, मित्रांना म्हणाला माझ्याजवळ जागे राहा. वधस्तंभावर तर सगळ्यांदेखत ओरडला, देवा, मला का टाकलंस. असं बोलल्याने देव मागे हटत असता, तर आपण इथे कशाला बसलो असतो?"

"मग ह्यांना बरं का नाही केलं?"

"ते मला ठाऊक नाही."

"वर्ग घेता आणि ठाऊक नाही?"

आजी खुदकन हसली. पाळकसाहेबही ओशाळे हसले. "नाही ठाऊक, बाई. तो बरं करू शकतो हे मी मानतो, मागतही राहीन. पण का नाही, ते मला कळलेलं नाही. एवढं मात्र सांगतो, तुझ्या शंकेमुळे नाही. तुझ्या एका शब्दाने अडेल इतका तो लहान नाही." त्यांनी चष्मा खाली घेतला आणि काचा पुसत बसले. "ती खुर्ची बघून दर रविवारी वाटायचं, एकदा तुझ्या घरी जाऊन यावं. लोक इतके आनंदात होते. मी गेलो नाही. हे मी शिकलेलो होतो, आणि गप्प बसलो."

ती घरी येताना रस्ता नेहमीचाच होता. पाय हलके झाले वगैरे काही नाही. उलट भीती वाढलीच होती. आधी देवाची होती, आता माणसांची. ताईला काय सांगायचं? जिच्या हाताचं खाल्लं, तिला चारचौघांत तोंडघशी कसं पाडायचं? तिच्या मुलाचं काय? शिवणबाईचं खरं झालं, तर ताईला त्या मुलाबद्दल सगळं पहिल्यापासून पुन्हा मांडावं लागेल. रात्रभर तिला वाटत राहिलं की गप्प बसावं, पाळकसाहेब बघून घेतील. आणि पाळकसाहेब कसे बघून घेतात तेही तिने ऐकलं होतंच.

रविवारी ती नेहमीच्या जागी बसली. खुर्ची समोर होती. कोणीतरी फीत बदलली होती, नवी, चमकणारी. चाकांवर धूळ नव्हती. ताई स्वतः पुसायची. एक पोरगी गाण्याचं पुस्तक खुर्चीवर ठेवायला गेली तर आईने तिचा हात मागे ओढला.

भट्टीवाली पुढच्या रांगेत होती. चिमणी तिच्या मांडीवर पेंगत होती. बाटली कुठे दिसत नव्हती. पण ताई तिच्याकडे वळून वळून बघत होती, डोळ्यांनी विचारत होती, आणलीस ना? भट्टीवाली खाली मान घालून पोरीच्या केसांतून हात फिरवत होती. नाही म्हणायचं धाडस तिच्यात नव्हतं, आणि ते कुठून येणार होतं हे शिवणबाईला कळत होतं.

साक्षीची वेळ झाली. "कोणाला सांगायचंय?"

शिवणबाई उठली. कमरेत कळ आली म्हणून पुढचा बाक धरला. ताईचा चेहरा फुलला. "बोल, बोल," ती म्हणाली, आणि मागून कोणीतरी आधीच "हालेलुया" म्हणून मोकळंही झालं. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली; उजळायला तयार असलेली तोंडं. तिला वाटलं, एक शब्द. जिभेला वाट माहीत आहे. बसता येईल.

"माझा नवरा परगावी नाही," ती म्हणाली. "घरी आहे. त्याला चालता येत नाही. त्या दिवशी दोघांनी धरला म्हणून तो उभा होता. मी खोटी साक्ष दिली."

ताईचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, काय बोलतेस? परत घे शब्द," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नुसती भीती होती, आणि ती कोणासाठी होती हे शिवणबाईला ओळखता आलं.

"ताई, तुमचा मुलगा तुमच्या शंकेने नाही गेला," ती म्हणाली. हे बोलायचं तिने ठरवलेलं नव्हतं. ताई मटकन खाली बसली. तिच्या शेजारच्या बाईने तिचा हात धरला.

पाळकसाहेब व्यासपीठावरून खाली उतरले आणि खुर्चीच्या शेजारी येऊन उभे राहिले. मागच्या बाजूला कुजबुज सुरू झाली होती. कोणी चुकचुकलं, कोणी उठून बाहेर गेलं. पुढे भट्टीवालीने पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि मान वर केली.

शिवणबाईला बसायचं होतं. पण ज्यासाठी ती उठली होती ते अजून राहिलं होतं.

"तुम्ही प्रार्थना करत राहा. मीही करते," ती म्हणाली. "पण ह्यांना खिडकीपर्यंत न्यायचंय. आमची खुर्ची आम्हाला परत द्या."